नुसता आवाज येतो, पक्षी दिसत नाही

प्रश्न थोडक्यात असा होता: "मी जुळे सोलापुरात राहते. रोज सकाळी विजापूर रोडवरच्या सिद्धेश्वर वनविहारात फिरायला जाते. पक्ष्यांचे पुष्कळ आवाज येतात, पण पक्षी दिसत नाहीत. मोबाइलवर ॲप घेतलं. ते दहा मिनिटांत चौदा नावं दाखवतं आणि घरी येईपर्यंत एकही लक्षात राहत नाही. शिट्टीसारखा, चढत-उतरत जाणारा एक गोड आवाज रोज ऐकते, तो कुणाचा? पुस्तक घेऊ, दुर्बीण घेऊ की आधी एखादा कोर्स करू? नऊ वर्षांचा मुलगा सोबत असतो. आणि सोलापुरात जंगलच नाही, तर इथे हे शिकण्यात अर्थ आहे का? साधारण किती महिने लागतील?"

ताई, शिट्टीचं सगळ्यात शेवटी सांगतो, कारण त्याचं उत्तर तुम्हालाच शोधायचं आहे.

तुम्ही पाच-सहा गोष्टी विचारल्यात, पण मला त्यात एकच अडचण दिसते. तुमच्याकडे आवाज आहेत, नावं आहेत, आणि दोन्हींच्या मध्ये काहीच नाही. लग्नाच्या मांडवात कुणी दहा मिनिटांत चौदा पाहुण्यांची ओळख करून दिली, तर घरी येईपर्यंत सगळे पुसले जातात. लक्षात राहतो तो एकच, ज्याच्या शेजारी आपण पंगतीला बसलो होतो. तुम्ही अजून कुठल्याच पक्ष्याशेजारी पंगतीला बसलेल्या नाहीत, एवढंच.

मी कोण ते आधी सांगतो, म्हणजे माझ्या सांगण्याला किती वजन द्यायचं ते तुम्ही ठरवाल. मी पक्षीशास्त्र शिकलेला नाही. आपल्या पूर्व भागातल्या एका यंत्रमाग कारखान्यात बावीस वर्षं जॉबर, म्हणजे माग दुरुस्त करणारा, होतो. चोवीस माग एकदम चालतात तेव्हा शेजारच्या माणसाचं बोलणं ओठ बघून समजून घ्यावं लागतं. पण त्याच गदारोळात सात नंबरचा धोटा नीट जात नाही, हे जॉबरला पाठ करून उभं असतानाही कळतं. नव्या पोराला वाटतं, याला काय जादू येते बे! जादू काही नसते. सगळे माग ऐकायला गेलं की एकही ऐकू येत नाही. आधी एका मागाचा ठेका अंगात मुरतो, मग त्यात झालेला फरक आपोआप टोचतो. पक्ष्यांच्या नादी लागलो तेव्हा मी हेच केलं. आज पंचवीसेक वर्षं झाली, पद्धत तीच आहे.

आता काही गोष्टी परिस्थितीवर अवलंबून आहेत, त्या सांगून टाकतो. तुम्ही किती वाजता पोचता, कुठल्या महिन्यात सुरुवात करता, तुमचे कान कसे आहेत आणि तुम्ही एका जागी गप्प बसू शकता का. त्यातली पहिली गोष्ट सर्वांत मोठी आहे. उजाडण्याच्या आधी अर्धा तास आणि नंतर तास-दीड तास, एवढाच खरा खेळ. त्या वेळी हवा थंड आणि स्थिर असते, आवाज लांब जातो. किडे टिपण्याइतका उजेड नसतो, म्हणून पक्ष्यालाही दुसरं काम नसतं. आपल्याकडे जानेवारीत सूर्य साधारण सातला उगवतो, मेच्या शेवटी सहाच्या आत. म्हणजे उन्हाळ्यात तुम्हाला साडेपाचला बाहेर पडावं लागेल. "साडेसातला डबा करून निघते" असं असेल, तर जमेल, पण निम्मंच जमेल. सोलापूरच्या उन्हात नऊनंतर पक्षीही सावलीला जातो आणि माणसानंही जावं.

महिन्याच्या बाबतीत तुमचं नशीब चांगलं. आत्ताच सिद्धेश्वराची गड्डा यात्रा उठली आहे, म्हणजे संक्रांत होऊन गेली. शिकायला हाच काळ उत्तम, कारण आत्ता गाणारे कमी आहेत. फेब्रुवारीपासून एकेक जण बैठकीत सामील होतो. मे महिन्यात सुरुवात करणारा बिचारा भर मैफलीत शिरतो आणि गोंधळतो.

सोलापुरात जंगल नाही, हे ऐकून थोडा राग आला, पण समजू शकतो. आपण जंगल म्हटलं की कोयना, ताडोबा डोळ्यांपुढे आणतो. घनदाट झाडीत नवख्या माणसाचे फार हाल होतात. तीस फुटांवरच्या पानांत आवाज येतो आणि मान दुखेपर्यंत काही दिसत नाही. आपल्याकडे बाभूळ, बोर, कडुनिंब, हिवर, मध्ये मोकळी मुरमाड जागा. पक्षी उघड्यावर बसून गातो. वनविहार, स्मृती उद्यान, केगावकडचा विद्यापीठाचा परिसर, सिद्धेश्वर तलावाकाठची जुनी झाडं, एवढं तुम्हाला दोन वर्षं पुरेल. पक्षी-अभ्यासक आणि लेखक मारुती चितमपल्ली जन्मले याच गावात, ५ नोव्हेंबर १९३२ला. त्यांचा वाढदिवस ते पक्षीतज्ज्ञ सालिम अलींचा वाढदिवस, म्हणजे ५ ते १२ नोव्हेंबर, हा आठवडा महाराष्ट्रात पक्षी सप्ताह म्हणून पाळतात. त्यांच्या गावच्या माणसानं इथे काही नाही म्हणू नये.

आता कामाचं. पहिला पक्षी निवडताना लोक चूक करतात. ज्याचा आवाज गोड, तो निवडतात. मी उलटं सांगतो: जो गाताना दिसतो, तो निवडा. आवाज आणि चोच एकाच वेळी हलताना पाहिली की मेंदूत गाठ बसते, आणि ती सुटत नाही. म्हणून पहिला मान चिरकाला. चिमणीएवढा, काळा कुळकुळीत, शेपूट कायम वर उभारलेली आणि तिच्या मुळाशी खालून विटकरी रंग. उडाला की पंखावर पांढरा डाग चमकतो. मादी मातकट, पण शेपटीखाली तोच विटकरी रंग. दगड, कुंपणाची भिंत, मातीचा ढिगारा, अशा जागी तो बसतो आणि माणसाला फारसा भीत नाही. वनविहाराच्या कडेच्या मोकळ्या मुरमाड पट्ट्यात तुम्हाला तो सापडेल. फेब्रुवारीत नर गाऊ लागतो. छोटे छोटे, घाईघाईचे, किंचित खरखरीत सूर. फार मोठं गाणं नाही, म्हणूनच शिकायला सोपं.

एक आठवडा फक्त चिरक. बाकी आवाज येऊ द्यात, त्यांना मान द्यायचा नाही. तो कुठे बसतो, कुठल्या दगडावरून कुठल्या दगडावर जातो, मादी जवळ आली की काय करतो, दुसरा नर आला की काय होतं. आठवड्याच्या शेवटी तुम्ही पाठ करून चालत असाल आणि तो बोलेल, तेव्हा तुम्ही न वळता ओळखाल. तो दिवस आला की पुढचं सगळं सोपं आहे.

त्यासाठी बसावं लागतं. चालता चालता पक्षी शिकता येत नाहीत, असं माझं स्पष्ट मत आहे. आपल्या पायाखालचा पाचोळा आपल्याच कानात वाजत असतो आणि आपण पुढे जाऊ तसे पक्षी गप्प होत जातात. चालण्याचा व्यायाम वेगळा करा. एक ठरलेलं झाड पकडा, त्याला पाठ लावून वीस मिनिटं बसा. पहिली सात-आठ मिनिटं काही होणार नाही, कारण तुम्ही आल्याची बातमी सगळीकडे गेलेली असते. मग हळूहळू ते तुम्हाला विसरतात. बसण्याआधी जागा काठीनं आपटून बघा. आपल्याकडे घोणस आणि फुरसं दोन्ही आहेत, पाचोळ्यात दिसत नाहीत. आणि एकट्या असाल तर फिरायला येणाऱ्या लोकांच्या नजरेच्या टप्प्यातच बसा. आडबाजूला जायची गरज नाही, पक्षी वाटेच्या कडेलाही तेवढेच असतात.

बसल्यावर वहीच्या पानावर एक वर्तुळ काढा. मध्ये फुली म्हणजे तुम्ही. समोरून आवाज आला की समोर खूण, मागून आला की मागे. नाव लिहायचं नाही, आवाज लिहायचा. इथे आपली देवनागरी फार कामाची आहे. तबल्याचे बोल लिहितो तसे लिहा: "टुविट टुविट टुविट", "चर्र… चर्र", "ट्यु, खाली". मी माझ्या पहिल्या वहीत एका पक्ष्याला "गंजलेलं फाटक" म्हटलं होतं आणि दुसऱ्याला "कांडी संपली". दुसऱ्या कुणाला कळलं नसतं, मला मात्र आजही त्या शब्दावरून आवाज आठवतो. दुसऱ्याचे बोल पाठ करू नका, तुमच्या कानाला जे वाटतं ते लिहा. आपल्या पूर्वजांनी तेच केलं. टिटवीला टिटवी म्हटलं ते तिच्याच बोलण्यावरून. पावशाचं "पेरते व्हा" शेतकऱ्याच्या कानाला ऐकू आलं, कारण त्याच्या डोक्यात जूनमध्ये पेरणीच असते. आणि ठोक्यावर ठोका दिल्यासारखं टुक-टुक-टुक करणाऱ्याला तांबट हे नाव कुणी दिलं असेल, त्यानं तांब्याची भांडी घडताना नक्की पाहिली असणार.

आवाज लिहिताना तीन गोष्टी बघा. एकच तुकडा पुन्हा पुन्हा येतो की दर वेळी नवीन काही? सूर चढतो, उतरतो की सपाट? आणि पोत कसा: स्वच्छ शिट्टी, खरखर, की नाकातून? गोड-कडू असलं काही लिहू नका, त्याचा काही उपयोग होत नाही.

एक गोष्ट मला फार उशिरा कळली. पक्षी गातो ते वेगळं आणि बोलतो ते वेगळं. गाणं बहुतेक वेळा नर गातो, विणीच्या काळात, उंच जागी बसून: ही हद्द माझी, आणि कुणी जोडीदारीण असेल तर मी इथे आहे. हाक मात्र वर्षभर, नर-मादी दोघांची, तुटक: मी इथे, तू कुठे, साप आला, शिक्रा (शिकारी पक्षी) आला. दयाळाचंच बघा. मार्चपासून पावसाळ्यापर्यंत पहाटे झाडाच्या शेंड्यावरून त्याच्यासारखा गाणारा आपल्या गावात दुसरा नाही. स्वच्छ शिट्ट्या, दर वेळी वेगळी वळणं, मध्येच दुसऱ्याच्या गळ्यातलं चोरलेलं काहीतरी. तोच दयाळ डिसेंबरात नुसतं "चर्र" करतो, आणि माणसं समोरच्या काळ्या-पांढऱ्या पक्ष्याला ओळखत नाहीत. म्हणून चिडून जाऊ नका. एका पक्ष्याचे दोन-तीन आवाज असतात, हे आधीपासून धरून चाला.

धोक्याच्या हाका शिकल्यात तर डोळ्यांचंही काम सोपं होतं. बुलबुल, सातभाई, शिंपी एकाच झाडाभोवती जमून कल्ला करत असतील, तर हळू तिकडे जा. दहातल्या सहा वेळा तिथे मांजर, साप किंवा ढोलीबाहेर आलेला पिंगळा असतो. आमच्या शेजारच्या चिंचेवरचा पिंगळा मी स्वतः कधी शोधलाच नाही. दर वेळी बुलबुलांनी दाखवला.

दिसण्याबद्दल दोन शब्द. आपण पक्षी शोधतो, शोधायची असते हालचाल. नजर एका जागी रोखू नका, सगळं झाड एकदम बघितल्यासारखं बघा. पान वाऱ्याने हलतं ते आणि पान वजनाने हलतं ते, यातला फरक तिसऱ्या-चौथ्या दिवशी कळू लागतो. आवाजाची दिशा कळेना तर दोन्ही तळवे कानामागे पसरून धरा आणि डोकं हळूहळू फिरवा. वेड्यासारखं दिसतं, पण आवाज जिथे मोठा होतो तिथे पक्षी असतो. बारीक, उंच सुरांची दिशा पकडणं सगळ्यांनाच अवघड जातं, तिथे वेळ घालवू नका. आणि उंची लिहा: जमिनीवर, झुडपात, झाडाच्या मध्यात, शेंड्यावर, तारेवर. निम्मी ओळख तिथेच होते. शेंड्यावर बसून गाणारा चिरक क्वचित, आणि जमिनीवर उड्या मारणारा शिंजीर मी तरी पाहिलेला नाही.

शिंजीर आठवला म्हणून सांगतो, तो तुमचा दुसरा पक्षी असू दे. जांभळा शिंजीर, कुणी सूर्यपक्षी म्हणतं. अंगठ्याएवढा, बाकदार चोच, विणीच्या दिवसांत नर काळा दिसतो आणि ऊन पडलं की जांभळा-निळा चमकतो. वीण संपली की तो मादीसारखा पिवळसर होतो, गळ्याखाली फक्त एक काळी रेघ राहते. फेब्रुवारीत तारेवर किंवा झाडाच्या टोकावर बसून चिविट-चिविट करत इकडून तिकडे झुलतो. उघड्यावर गातो, म्हणजे आपल्या नियमात बसतो. तिसरा दयाळ. चौथा कोतवाल, काळा, दुभंगलेल्या शेपटीचा, तो तर तारेवरच बसलेला असतो, आणि पहाटे सगळ्यांच्या आधी त्याची फॅक्टरी सुरू होते.

चार झाले की मग लपणारे घ्या. इथे दोघांत सगळे फसतात: शिंपी आणि राखी वटवट्या. दोन्ही एवढेसे, दोन्ही झुडपात, दोन्हींची शेपूट वर आणि दोन्ही एकच तुकडा न दमता म्हणत राहणार. शिंप्याचा ठोका जड आणि सारखा असतो. टुविट, टुविट, टुविट, प्रत्येक ठोक्याला तेवढाच जोर, आणि आवाज त्याच्या देहाच्या मानाने अवाच्या सवा मोठा. एवढ्याशा गळ्यातून एवढा आवाज येतो यावर पहिल्यांदा विश्वास बसत नाही. वटवट्याचा तुकडा हलका आणि पटापट जाणारा, आणि मध्येच नाकातून "टी-टी-टी". खरी खूण वेगळीच आहे. राखी वटवट्या एका झुडपातून दुसऱ्यात उडतो तेव्हा टिक-टिक असा चुटकी वाजवल्यासारखा आवाज होतो. तो ऐकलात की वाद संपला. जागेचाही फरक पडतो: शिंपी बागेत, वेलीत, तुमच्या कुंडीतल्या झाडातसुद्धा, वटवट्या गवताच्या आणि घाणेरीच्या कडेला जास्त.

आतापर्यंतचं एवढंच लक्षात ठेवा. पहाटे एका जागी बसायचं, आधी चिरक, मग शिंजीर, दयाळ आणि कोतवाल, हे चौघे पक्के झाल्याशिवाय झुडपातल्यांच्या मागे लागायचं नाही, आणि वहीत नाव न लिहिता बोल लिहायचे.

आता फसवणारे. दयाळ थोडीफार चोरी करतो, पण कोतवाल आणि खाटीक हे पक्षी पक्के नकलाकार. मी एक अख्खा उन्हाळा घरामागच्या कडुनिंबात शिक्रा शोधला. रोज सकाळी शिक्र्याची हाक, रोज मी मान वर करून उभा, आणि शिक्रा नाहीच. जूनमध्ये एकदा कोतवाल माझ्या डोळ्यांसमोर तारेवर बसून तीच हाक मारताना दिसला. बायको म्हणाली, "अहो, तीन महिने हा तुम्हाला खेळवत होता." त्यामुळे माझा नियम असा आहे की नुसत्या आवाजावरून दुर्मीळ पक्ष्याचं नाव घ्यायचं नाही. सोलापुरात आधी कोतवालावर संशय घ्यायचा.

ज्यांना आपण गाणारे म्हणतो त्यातले काही शास्त्राच्या हिशोबाने गाणारे नाहीतच, हेही गमतीचं आहे. पक्ष्यांचा आवाज घशात तयार होत नाही. श्वासनलिका खाली दोन फाट्यांत विभागते तिथे त्यांचं वाद्य असतं. गाणाऱ्या पक्ष्यांच्या गटात ते विशेष विकसित असतं आणि दोन्ही फाट्यांतून वेगवेगळा सूर एकाच वेळी काढता येतो. त्या गटात कावळा बसतो. कोकीळ बसत नाही, तांबट, पावशा आणि टिटवीही नाही. आणि कोकिळा गाते असं आपण लहानपणापासून म्हणत आलो, तर "कुहू" करतो तो काळा नर. ठिपक्या-ठिपक्यांची मादी फक्त किक-किक-किक करून या झाडावरून त्या झाडावर जाते आणि कावळ्याच्या घरट्यात अंडं टाकते. शिकताना मात्र ही विभागणी बाजूला ठेवा. कोकीळ, तांबट, पावशा यांचे आवाज इतके स्पष्ट आहेत की ते तुमच्या पहिल्या दहात असलेच पाहिजेत.

ॲपचं म्हणाल तर मी त्याच्या विरोधात नाही. मर्लिन नावाचं ॲप माझ्याही फोनमध्ये आहे. पण क्रम बदला. आधी वहीत बोल लिहा, अंदाज करा, आणि घरी निघण्याआधी पाच मिनिटं ॲप लावून पडताळा करा. ते नकलेला फसतं, रिक्षाच्या हॉर्नने गोंधळतं, आणि एखादं नाव दाखवलं म्हणजे तो पक्षी तिथे होताच असं नाही. आणखी एक, हे हात जोडून सांगतो: फोनवरून पक्ष्याचा आवाज वाजवून त्याला बोलवू नका. मी हे केलं आहे. एप्रिल महिना, एक दयाळ समोर गात होता, मी त्याचंच गाणं मोबाइलवर लावलं. त्याला वाटलं दुसरा नर हद्दीत शिरला. पाऊण तास तो माझ्याभोवतीच्या झुडपांवर झेपा घेत राहिला. चारा नाही, मादी नाही, काही नाही. फोटो छान आले. ते मी नंतर कुणाला दाखवले नाहीत.

दुर्बीण तीन महिने घेऊ नका. हे पैशामुळे म्हणत नाही. दुर्बीण हातात आली की माणूस ऐकायचं थांबवतो. नंतर घ्याल तेव्हा आठ बाय बेचाळीस घ्या: आठ म्हणजे किती पट मोठं दिसतं, बेचाळीस म्हणजे पुढच्या भिंगाचा व्यास मिलिमीटरमध्ये. दहा पटीची घेतलीत तर हाताची थरथरही दहा पट होते. वापरायची युक्ती एकच: पक्ष्यावरची नजर न हलवता दुर्बीण डोळ्यांपर्यंत आणायची. खाली बघून दुर्बीण उचलली की पक्षी गेला. पुस्तक मराठी नावांचं आणि चित्रांचं असावं, पण ते घरी ठेवा. कोर्सची गरज मला वाटत नाही. गावात पक्षी बघणारे लोक आहेत, त्यांच्यासोबत महिन्यातून एकदा गेलात तर पुरे.

मुलाला न्या, जरूर न्या. नऊ वर्षांच्या पोराचे कान तुमच्यापेक्षा चांगले आहेत आणि माझ्यापेक्षा तर कितीतरी. त्याला ऐकायचं काम द्या, वही तुम्ही धरा. तो म्हणेल "आई, त्या बाजूला, वर", तुम्ही खूण करा. त्याला नावं विचारू नका, परीक्षा घेऊ नका. वीस मिनिटं बसणं त्याला जमणार नाही, दहाच बसू द्या. आमच्या शेडमध्ये निम्मे कारागीर तेलुगू बोलणारे होते, काही कानडी. चिमणीला कुणी पिच्चुका म्हणायचं, कुणी गुब्बी. सोलापुरातल्या पोराला एकाच पक्ष्याची तीन भाषांतली नावं गोळा करायला लावा, तो खेळ त्याला आवडेल.

माझ्या कानांचं सांगायलाच हवं, कारण हा प्रश्न तुम्हालाही कधीतरी येईल. मागाच्या शेडनं माझ्या डाव्या कानाचे बारीक सूर खाऊन टाकले. त्या वेळी कानात बोळा घालायची पद्धतच नव्हती. शिंजिराची तीक्ष्ण हाक मला आता अर्धवट येते आणि चष्मेवाला या चिमुकल्या पक्ष्याची बारीक किणकिण तर येतच नाही. नात म्हणते, "आजोबा, केवढे आहेत!" आणि मी नुसता पानांकडे बघतो. यावर मी दोन गोष्टी करतो. उजवा कान पुढे करून बसतो, आणि ॲपमध्ये आवाजाचं जे चित्र सरकत जातं ते बघतो. वरच्या बाजूला रेघा उमटल्या की समजतो, कुणीतरी आहे. पन्नाशीनंतर सुरुवात करणाऱ्यांनी हे मनात धरावं: एखादा पक्षी ऐकू येत नाही म्हणजे आपण ढ आहोत असं नाही. आणि जे अजून शेडमध्ये काम करतात त्यांनी कान झाका रे बाबांनो.

किती महिने? आठवड्यातून चार दिवस, दिवसाला अर्धा तास धरला, तर पाऊस लागेपर्यंत दहा-बारा पक्षी नुसत्या आवाजावर ओळखाल. माझ्यासोबत आलेल्या बहुतेकांचं साधारण तेवढं झालं. मार्चमध्ये दयाळ आणि कोकीळ सुरू होतील. जूनमध्ये पावशा येईल, चातक येईल. पावसात सुगरणींची घरटी विहिरीवरच्या बाभळींना लटकतील आणि वटवटे जोरात येतील. ऑक्टोबरनंतर पाहुणे येतात: धोबी, आणि बाभळीत लपून नुसतं टक-टक करणारी शुभ्रकंठी. त्यांची वीण लांब उत्तरेकडे होत असल्यानं आपल्याकडे ते फारसे गात नाहीत, म्हणून ते सगळ्यात शेवटी शिका. हुरड्याच्या दिवसांत मंगळवेढ्याच्या बाजूला ज्वारीवर भोरड्या पक्ष्यांचे थवे उतरतात. तिथे एकेक आवाज वेगळा काढायचा प्रयत्न करू नका. उकळत्या तेलात भजी सोडल्यासारखा तो एकच आवाज असतो, आणि माच्यावर गोफण घेऊन बसलेल्या माणसाला त्यात गोड काहीच वाटत नाही.

पहिला पाऊस पडला की मात्र एकदा नान्नजच्या माळावर जा. बार्शी रस्त्याला वीसेक किलोमीटर. १९७९ साली माळढोक या दुर्मीळ मोठ्या पक्ष्यासाठी अभयारण्य झालं तीच जागा. आत जायचं तर वनखात्याला विचारून, नाहीतर कडेच्या रस्त्यावरूनही चालेल. माळढोकाची आशा धरून जाऊ नका, डोंबारी बघा. चिमणीपेक्षाही लहान चंडोल. नर वर चढतो, पंख मिटून दगडासारखा खाली येतो, येताना एक लांब शिट्टी सोडतो आणि आता आपटणार असं वाटत असतानाच पुन्हा वर उसळतो. हे पुन्हा पुन्हा. ज्यानं त्याला डोंबारी हे नाव दिलं, त्यानं कसरत आणि आवाज दोन्ही एकत्र पाहिले होते. तिथे कान आणि डोळे वेगळे काढताच येत नाहीत.

आता तुमची शिट्टी. लिहिलेल्या वर्णनावरून नाव सांगणं मला आवडत नाही, पण जानेवारीत, वनविहारात, चढत-उतरत जाणारी स्वच्छ शिट्टी म्हटल्यावर माझ्या मनात दोन संशयित आहेत. एक नाचण. गडद राखी, भुवई पांढरी, झाडाच्या खालच्या-मधल्या फांद्यांत एका जागी ठरत नाही. शेपटीचा पंखा उघडतो, मिटतो, डावी-उजवीकडे वळतो, आणि मध्येच सहा-सात सुरांची शिट्टी टाकतो. प्रत्येक वेळी जवळजवळ तीच चाल. दुसरा सुभग. पिवळा-हिरवट, पंखावर पांढरे पट्टे, वरच्या पानांत राहतो आणि सहजी दिसत नाही. त्याची शिट्टी एकच, लांब ओढलेली आणि शेवटी झपकन खाली पडणारी. माणूस शिट्टी मारतोय असंच वाटतं.

तेव्हा उद्या सकाळी एवढंच करा. आवाज आला की थांबा, पाठ झाडाला लावा, आणि मोजा: सूर एकच लांब आहे की पाच-सहा? वरून येतो की तुमच्या डोक्याच्या उंचीवरून? दहा मिनिटं नजर खालच्या फांद्यांवर ठेवा. पंखा उघडलेला दिसला तर मला कळवा, आणि त्यानं शिट्टी मारताना शेपूट उघडी होती की मिटलेली तेही बघून ठेवा. मला स्वतःला ते इतकी वर्षं नीट सांगता आलेलं नाही.